ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि पिस्तुलाचं दुकान

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेच्या संसदेनं त्यात पिस्तुलाची भर घातली. पुढेमागे तिथं निवडून जायचा तुमचा विचार असेल (न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या आपल्या मंडळींचा उत्साह बघता अशक्य काही नाही), तर गुन्ह्यातल्या पिस्तुलाचा माग पोलिसांना कसा लागू द्यायचा नाही, हे आत्ताच शिकून घ्या.

पहिली गोष्ट, माग काढायचं काम बंद करू नका. बोभाटा होतो. उलट वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला त्यासाठी चांगलं केंद्र चालवा. सापडलेल्या पिस्तुलाचा नंबर तिथं जातो. तिथला माणूस कारखान्याला विचारतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार विक्रीच्या वेळी भरून घेतलेला ४४७३ नंबरचा फॉर्म शोधून पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव सांगतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गला येतात. एकदा इतकी खोकी झाली की जमिनीला भार पेलेल का, ही धास्ती पडली आणि आवारात कंटेनर आणून ठेवावे लागले. कॉम्प्युटरवर नाव टाकून का शोधत नाहीत, असं भाबडेपणानं विचारू नका. बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही करायला १९८६ च्या कायद्यानं मनाई आहे. कागद स्कॅन करा, पण नाव टाकून शोधायची सोय ठेवू नका. पडद्यावर एकेक पान उलटू देताय, हेच औदार्य पुष्कळ झालं.

तरी माहिती साठतेच, आणि साठली की बोलायला लागते. २००० साली बंदुकांच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्यानं अहवालात सांगून टाकलं की, गुन्ह्यातल्या ज्या बंदुकांचा माग चालू दुकानांपर्यंत लागला, त्यातल्या ५७ टक्के फक्त १.२ टक्के दुकानांतून आल्या होत्या. देशभरात मिळून जेमतेम हजार दुकानं! एखाद्या हवालदाराच्याही लक्षात येईल की जायचं कुठं. शिवाय काही शहरांनी बंदूकवाल्यांवर दावे ठोकले होतेच. अशा वेळी कॅन्ससचे तेव्हाचे खासदार टॉड टीहार्ट यांचा कित्ता गिरवा. २००३ मध्ये त्यांनी स्वतंत्र विधेयक वगैरे आणलं नाही, त्यावर चर्चा होते. खर्चाच्या विधेयकाला एक शेपूट जोडलं. मागाची माहिती जनतेला द्यायची नाही. दुकानदारांनी दरवर्षी माल मोजलाच पाहिजे, अशी सक्ती करायची नाही. गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासून विक्रीला मंजुरी दिली, की ती नोंद २४ तासांत नष्ट. पुढे या माहितीला दिवाणी कोर्टाचं दारही बंद झालं, आणि पोलिसांच्या वाट्याला उरली ती आपापल्या हद्दीपुरती माहिती.

हद्द! आपल्याकडे हद्दीचा वाद पोलीस स्वतःहून घालतात, तिथं त्यासाठी संसदेला कष्ट घ्यावे लागले. जॉर्जिया, व्हर्जिनियातून आय-९५ महामार्गानं पिस्तुलं उत्तरेला येतात. या रस्त्याला ‘आयर्न पाइपलाइन’ असंच नाव पडलंय. न्यूयॉर्कची पिस्तुलं न्यूयॉर्क पोलिसांना ठाऊक, शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कची नेवार्कला. दोन्हीकडची एकाच दुकानातली आहेत का, हे कळायला दोन याद्या शेजारी ठेवाव्या लागतात. तेवढं होऊ द्यायचं नाही, बाकी पोलिसांच्या शौर्यावर भाषणं खुशाल ठोका.

कारण विचारलंच, तर वेश बदलून काम करणाऱ्या पोलिसांच्या जिवाला धोका, असं सांगा. पोलीसप्रमुखांची संघटना विरोधात गेली तरी डगमगू नका, शिपायांची संघटना पाठीशी आहे.

महापौर मात्र चिवट जात. २००६ मध्ये न्यूयॉर्कचे ब्लूमबर्ग आणि बॉस्टनचे मेनिनो यांनी इतर महापौरांना गोळा करून आरडाओरडा सुरू केला. तेव्हा थोडी माघार घ्यायला हरकत नाही. २००८ ते २०१० च्या दरम्यान पोलिसांनी आपसात माहिती वाटून घ्यायला मुभा मिळाली. सामान्य माणसाला आणि दिवाणी कोर्टाला दार बंदच ठेवलं की झालं.

ब्लूमबर्गनी आणखी एक आगाऊपणा केला. परराज्यांतल्या दुकानांत खासगी गुप्तहेर पाठवले. एकानं पिस्तूल निवडायचं, फॉर्म दुसऱ्याच्या नावानं भरायचा, आणि अशी बेकायदा विक्री दुकानदार करतो का ते छुप्या कॅमेऱ्यात टिपायचं. काही दुकानदारांनी केली, शहरानं त्यांच्यावर दावे लावले. असं काही तुमच्या राज्यात घडलं तर गांगरू नका, व्हर्जिनियानं वाट दाखवून ठेवली आहे. २००७ मध्ये तिथं कायदा झाला: पोलिसांना बरोबर न घेता दुकानदाराची अशी परीक्षा घेतली, तर गुन्हा परीक्षा घेणाऱ्यावर.