हे झाड कुठलं?

फोटो काढला की ॲप झाडाचं नाव सांगतं असं जे म्हणतात त्यांच्या घरी बहुतेक नुसती तुळस असावी. आमच्या हॉलमधल्या कुंडीचा फोटो काढला तर ॲप म्हणालं ॲग्लोनिमा, जरा वाकून काढला तर डिफेनबेकिया, आणि सासूबाई मधे फडकं मारायला आल्या तेव्हा कॅलेडियम. हिरव्या पानावर गुलाबी शिरा, कडेला लाल रेघ, आणि मधलंच एक पान ठार हिरवं. म्हणजे झाडाचंही स्वतःबद्दल एकमत नाही.

मग नर्सरी. सोलापूर रोडने उरुळी कांचनकडे निघालं की नर्सऱ्याच नर्सऱ्या, कुणीतरी सांगेलच ना! पहिला म्हणाला, लिपस्टिक. दुसरा म्हणाला, रेड लिपस्टिक (हा जास्त शिकलेला). तिसऱ्याने फोटोकडे न बघताच "इम्पोर्टेड आहे मॅडम, थायलंडचं" असं म्हणत शेजारचं वेगळंच झाड गळ्यात मारलं. आता घरात नाव माहीत नसलेली दोन झाडं.

वैताग असा की थायलंडची थाप नसेलही. लिपस्टिक म्हणजे ॲग्लोनिमाच, आणि हे लालभडक ॲग्लोनिमा जंगलात असे उगवत नाहीत. लाल रंग होता सुमात्रातल्या रोटंडम नावाच्या जातीकडे, इंडोनेशियाच्या ग्रेगरी हंबाली यांनी १९८०च्या दशकात तिचा कम्युटाटम जातीशी संकर करून 'प्राइड ऑफ सुमात्रा' काढलं, आणि तिथून पुढे थायलंड-इंडोनेशियात हायब्रिडचं हायब्रिडशी, त्यांच्या पोरांचं तिसऱ्याच हायब्रिडशी असं काही जमवत गेले की आता गोत्र विचारायची सोयच राहिली नाही. त्यात उजेड कमी पडला की लाल उतरतो आणि पान हिरवट होतं, म्हणजे आमच्या हॉलमधलं झाड नेटवरच्या फोटोशी मॅच होणं शक्यच नाही.

निदान मनी प्लॅन्ट तरी ओळखता यावा, पण तिथे वेगळाच घोळ. मनी प्लॅन्ट चोरून आणला तरच लाभतो म्हणतात, आणि चोरताना कोण लेबल मागतं? बाथरूमच्या खिडकीतल्या वेलाजवळ नाक नेऊन बघितलं. मनी प्लॅन्टच्या देठाला वरून पन्हळीसारखी खाच असते, ह्याचा देठ गुळगुळीत. मनी प्लॅन्टचं नवं पान जुन्या देठाच्या कुशीतून सुरळीसारखं उलगडतं, इथे ते पातळशा गुलाबी वेष्टणात बाहेर आलं आणि ते वेष्टण पुढे वाळून तपकिरी होऊन तिथेच लोंबत राहिलं. म्हणजे हा सरळ फिलोडेंड्रॉन! नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तरीच पैसा टिकत नाही."

आणि शास्त्रज्ञांवर विसंबावं तर तेही तसलेच. १८८० साली मनी प्लॅन्टला पोथॉस म्हणाले, मग सिंडॅप्सस, मग राफिडोफोरा, आता एपिप्रेम्नम, कारण हा पठ्ठ्या सहसा फुलतच नाही आणि जात ठरवताना फुलाशिवाय ह्या लोकांचं अडतं. स्नेक प्लॅन्टला सॅन्सेव्हेरिया म्हणायला जीभ वळेपर्यंत डीएनए बघून त्याला ड्रॅसिनात ढकललं. अलोकेशिया अमेझॉनिकाचा तर ॲमेझॉनच्या जंगलाशी काडीचा संबंध नाही, आईबाप दोन्ही आशियातले, नाव पडलं ते मायामीकडच्या ॲमेझॉन नावाच्या नर्सरीवरून!

सासूबाईंची पद्धत सोपी. ज्याने दिलं त्याचं झाड. "दादरच्या मावशीचं", "वास्तुशांतीचं", "त्या भांडखोर काकूंचं". दादरच्या मावशीने तीन दिली म्हणून "दादरच्या मावशीचं, पाणी कमीवालं" अशी उपजातही आहे. मला हे एकदम पटलं होतं, आणि परवा मावशी स्वतः घरी आल्या, चहा पिता पिता कुंडीकडे बघून म्हणाल्या, "हे काय गं नवीन? मी दिलेलं तर नाही बाई हे, आमच्या नणंदेकडे आहे असलं." सासूबाईंनी तिथल्या तिथे नाव बदललं.