नव्या फोनची बॅटरी आणि तो 'बारा तास चार्ज करा'वाला मेसेज

नवा फोन घेतला की दोन दिवसांत कुणीतरी हा मेसेज पाठवतंच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच: फोन बंद ठेवून आधी बारा तास चार्ज करा. पहिल्या तीन वेळा शून्यावर आणूनच चार्जिंगला लावा. रीसेंटमधली, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या ॲप्सच्या यादीतली ॲप्स सतत काढत राहा, एखादं बॅटरी सेव्हर ॲप टाका. ५जी बंद ठेवा. रात्रभर चार्जिंगला लावू नका, बॅटरी फुगते. डार्क मोड लावा, बॅटरी दुप्पट चालेल. आणि एवढं करूनही दोन दिवसांत फरक पडला नाही, तर पीस खराब आहे, बदलून घ्या.

यातल्या एक-दोन वाक्यांत तथ्य आहे. बाकीची नुसती निरुपयोगी असती तर सोडून दिली असती, पण त्यांतली काही बॅटरीचं खरोखर नुकसान करतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'फोन बंद ठेवून आधी बारा तास चार्ज करा'

हा सल्ला जुन्या बॅटऱ्यांचा आहे. निकेल-कॅडमियम आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांना पहिलं चार्जिंग लांब लागायचं. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्ये अशीच निकेलची बॅटरी होती. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते आणि तिचं चार्जिंग फोनमधलं सर्किट सांभाळतं. आधी ठरावीक करंट दिला जातो. सेलचा, म्हणजे बॅटरीच्या आतल्या वीज साठवणाऱ्या भागाचा, व्होल्टेज वरच्या मर्यादेला, म्हणजे साधारण ४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी केला जातो आणि शेवटी तोडला जातो. दीड तासात १०० टक्के झालेला फोन पुढचे साडेदहा तास लावून ठेवला तर जास्तीचं काहीही भरत नाही. तो फक्त वरच्या व्होल्टेजवर बसून राहतो, आणि ती अवस्था लिथियम सेलला मानवत नाही. खोक्यातून फोन अर्धवट चार्ज होऊन येतो तोही याचसाठी. गोदामात महिनोन्‌महिने पूर्ण भरून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो.

थोडक्यात, खोक्यातून काढा, सुरू करा, लागेल तेव्हा चार्ज करा.

'पहिल्या तीन वेळा शून्यावर आणा'

हे वाक्य घातक आहे. अर्धवट चार्जिंगची 'सवय' लागणं हा दोष निकेल-कॅडमियमचा होता. लिथियम-आयनमध्ये उलट आहे: जितका खोल उतरवाल तितकी झीज जास्त. ४० वरून ८० पर्यंत दोन-तीनदा केलेलं चार्जिंग ० ते १०० पेक्षा सेलला कितीतरी सोपं जातं.

मग हा समज टिकून कसा राहिला? कारण स्क्रीनवरचा टक्का मोजलेला नसतो, अंदाज असतो. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट फोन मोजतो, व्होल्टेज बघतो आणि त्यावरून आकडा काढतो. हा हिशेब कधीकधी सरकतो. मग १५ टक्क्यांवर फोन एकदम बंद पडतो, किंवा ३० वरून थेट २२ वर उडी मारतो. अशा वेळी एकदा पूर्ण उतरवून सलग १०० पर्यंत चार्ज केलं की आकडा जागेवर येऊ शकतो. दुरुस्त होतो तो आकडा. बॅटरीची क्षमता एका एमएएचनेही वाढत नाही. नव्या फोनवर हे करायचं कारणच नाही.

'रीसेंटमधली ॲप्स काढत राहा, बॅटरी सेव्हर ॲप टाका'

रीसेंटमध्ये दिसणारं ॲप चालू असतंच असं नाही. तिथे बहुतेक वेळा त्याचं शेवटचं चित्र असतं. ॲप मेमरीत पडून असतं आणि नव्या अँड्रॉइडमध्ये अशी पडून असलेली ॲप्स गोठवली जातात, त्यांना प्रोसेसर वापरताच येत नाही. मेमरी भरलेली असो वा रिकामी, वीज जवळपास तेवढीच घेते. तुम्ही व्हॉट्सॲप वर सरकवून काढलंत आणि पाच मिनिटांनी परत उघडलंत, तर ते स्टोरेजमधून नव्याने उभं राहतं आणि त्यात प्रोसेसर जास्त राबतो. दिवसातून पन्नास वेळा असं केलं तर बॅटरी वाचत नाही, थोडी जास्तच जाते. अडकलेलं किंवा फोन तापवणारं एखादं ॲप जरूर बंद करा. सगळी झाडून काढायची सवय मात्र सोडा.

बॅटरी सेव्हर ॲप कुठलंही असो, काढून टाका. सिस्टिमला जे करता येतं त्याहून जास्त अधिकार त्याला नसतात. ते स्वतः मागे चालत राहतं आणि जाहिराती ओढत राहतं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन स्थिर पडला की ॲप्सना झोपवणारी डोझ ही सोय आहे. अँड्रॉइड ९ पासून तुम्ही कुठलं ॲप किती वापरता ते शिकून त्याप्रमाणे ॲप्सना आवरणारी ॲडॅप्टिव्ह बॅटरी आहे. नव्या फोनला हे शिकायला दिवस लागतात, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच लक्षात घेतलेलं नाही.

'५जी बंद ठेवा'

यात तथ्य आहे, पण अर्धंच. ५जी म्हटलं की बॅटरी जाते असं सरसकट नाही. बॅटरी जाते ती कमकुवत आणि अस्थिर सिग्नलमुळे. टॉवर लांब असेल तर फोनला जोरात 'बोलावं' लागतं आणि त्याच्या रेडिओची, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या भागाची, ताकद कमाल मर्यादेकडे जाते. ५जी येतं-जातं अशा जागी फोन सारखा ४जी-५जी अशी उडी मारतो, प्रत्येक उडीला शोधाशोध होते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सुरू झालं तेव्हा एअरटेलने निवडलेल्या पद्धतीत फोनला ४जीचा आधार धरूनच ५जी चालवावं लागत होतं, म्हणजे दोन्ही रेडिओ जागे. जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र ५जी उभारलं. तेव्हा एकाच मॉडेलचे दोन फोन, दोन वेगळी सिमं, आणि बॅटरीत फरक, हे अगदी शक्य आहे. त्यात फोनचा दोष नाही.

स्वतः बघा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल', मग 'सिमची स्थिती' इथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककात, दिसतो. ४जीवर वजा ९० किंवा त्याहून चांगला, म्हणजे वजा ८०, वजा ७५, असेल तर सिग्नलची काळजी सोडा. वजा ११० च्या खाली जात असेल तर तुमचा चोर इथेच आहे. घरात किंवा ऑफिसात ५जी लपाछपी खेळत असेल तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पसंतीचा प्रकार ४जी करून बघा. आयफोनवर '५जी ऑटो' ठेवा. दुसऱ्या सिमला तुमच्या गावात रेंजच नसेल तर ते सिम सेटिंगमधून बंद करा, कारण ते दिवसभर टॉवर शोधत बसतं. नव्या फोनमध्ये जुनं, क्वचित लागणारं सिम हौसेने घातलं जातं आणि बॅटरी 'अचानक' उतरू लागते, असं फार होतं. घाटातून जाणाऱ्या एसटीत तीन-चार तासांचा प्रवास असेल आणि फोन लागणार नसेल, तर सरळ एअरप्लेन मोड लावा. फक्त तेवढ्या वेळात बँकेचा ओटीपी येणार नाही हे ध्यानात ठेवा.

'रात्रभर चार्जिंगला लावू नका, बॅटरी फुगते'

ओव्हरचार्ज होत नाही, हे वर आलंच. सेलला खरा त्रास उष्णतेचा. उशीखाली ठेवलेला, जाड कव्हरातला, खाली गादी असलेला फोन रात्रभर गरम राहतो आणि त्याने झीज होते. कव्हर काढा, टेबलावर किंवा फरशीवर ठेवा, आणि फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती सुरू करा. आयफोन १५ पासून ती आहे, सॅमसंग आणि पिक्सेलमध्येही आहे. दुपारी गाडी चालवताना डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या हँडलवर नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, वर ऊन आणि त्यात चार्जिंग: बॅटरीसाठी याहून वाईट काही नाही. ॲपल आयफोन वापरण्यासाठी सभोवतालचं ० ते ३५ अंश तापमान योग्य सांगतं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला पोचतो, त्यात उन्हात ठेवलेला फोन आत किती तापत असेल याचा विचार करा. एका रात्रीच्या चार्जिंगपेक्षा अशी एक दुपार महाग पडते.

फास्ट चार्जिंगला घाबरू नका. पूर्ण वेग फक्त सुरुवातीच्या टप्प्यात असतो, पुढे फोन स्वतःच तो उतरवतो. घाबरायचं ते अनोळखी चार्जरला. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर'पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाची आहे ते दिसतं.

'डार्क मोड लावा, बॅटरी दुप्पट'

एलसीडी स्क्रीनवर शून्य फरक, कारण मागचा दिवा तसाच जळतो. ॲमोलेडवर, म्हणजे मागचा दिवा नसलेल्या, ठिपके स्वतःच उजळणाऱ्या स्क्रीनवर, फरक पडतो, पण ब्राइटनेसवर अवलंबून. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या मोजणीत ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच बचत निघाली. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे उन्हात उपयोग, घरात नगण्य. त्यापेक्षा 'ऑलवेज ऑन डिस्प्ले' बंद करा आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ ३० सेकंद ठेवा.

'दोन दिवसांत फरक पडला नाही तर पीस खराब'

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. जुन्या फोनवरून सगळं नव्यावर आणलंत, 'झालं' असं स्क्रीनवर आलं, तरी फोनचं काम संपलेलं नसतं. दीडशे ॲप्स उतरतात आणि त्यांची अपडेट्स येतात. प्रत्येक ॲपचा कोड त्या प्रोसेसरसाठी तयार करून ठेवावा लागतो. वीस हजार फोटोंमधले चेहरे आणि जागा ओळखून यादी बनते. व्हॉट्सॲपचा जुना मीडिया परत येतो. गूगल फोटोज आणि फोनच्या कंपनीचं स्वतःचं क्लाउड, दोन्ही तेच फोटो वर चढवत बसतात. यातला एक बॅकअप लगेच बंद करा. जुन्या फोनवर कधीतरी दिलेल्या 'नेहमी लोकेशन' अशा परवानग्याही सोबत येऊ शकतात, त्या एकदा तपासा.

यातलं बरंचसं जड काम अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही फोन चार्जिंगला असताना, स्क्रीन बंद असताना उरकतात. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री फोन वायफायवर आणि चार्जिंगला ठेवा. मेसेजमधला 'रात्री लावू नका' हा सल्ला पाळला, तर तेच काम दिवसा, बॅटरीवर होतं आणि मग फोन खराब वाटतो. आठवडाभरात वापर बहुधा स्थिरावतो. तोवर बॅटरी वापराच्या यादीतला 'गूगल प्ले सर्व्हिसेस'चा मोठा आकडा पाहून घाबरू नका. आठवड्यानंतरही तो वरच असेल तर एखादं सिंक, म्हणजे खात्यातली माहिती फोनशी जुळवण्याचं काम, अडकलंय असं समजा. सेटिंग्जमधल्या खात्यांमध्ये जाऊन एकेक सिंक बंद करून बघा.

पण इथे एक खरी अडचण आहे. आठवडा थांबा म्हटलं, तर ऑनलाइन घेतलेल्या बऱ्याच फोनची बदलून देण्याची मुदतच सात दिवस असते. त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या रात्री ही चाचणी करा.

फोन ८५ टक्क्यांच्या आसपास असू द्या. १०० पासून सुरुवात नको, तिथे आकडा बराच वेळ चिकटून राहतो. फोन रीस्टार्ट करा. एअरप्लेन मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथही बंद आहेत ना ते बघा, काही फोनवर ते चालूच राहतात. ऑलवेज ऑन डिस्प्ले बंद. टक्का कागदावर लिहा, फोन पालथा ठेवा, आठ तासांनी परत बघा. अशा अवस्थेत ५००० एमएएचचा चांगला फोन सरासरी १० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. आठ तासांचे ८० एमएएच, म्हणजे दीड-दोन टक्के. ३ पर्यंत ठीक. दुसऱ्या रात्री तेच वायफाय आणि सिम चालू ठेवून करा. ३ ते ६ टक्के उतरले तर फोन निरोगी आहे आणि दिवसा जाणारी बॅटरी स्क्रीन, सिग्नल किंवा एखाद्या ॲपच्या खात्यात आहे.

एअरप्लेन मोडमध्येच ६-८ टक्के गेले, तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करून चाचणी परत करा. बऱ्याच फोनवर पॉवर मेनूतलं 'पॉवर ऑफ' दाबून धरलं की तो पर्याय येतो. तिथे बाहेरून टाकलेली सगळी ॲप्स बंद असतात. सेफ मोडमध्ये आकडा दोनवर आला तर दोष तुमच्या एखाद्या ॲपचा; सगळ्यात शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा. तरीही सहा-आठच राहिला, तर फोन बदलून मागा. चाचणीआधीच्या आणि नंतरच्या टक्क्याचे, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा. 'बॅटरी लवकर उतरते' एवढंच लिहिलं तर समोरून रीसेट करून बघायला सांगतात आणि त्यात मुदत निघून जाते.