कांद्यावरच्या काळ्या बुरशीने म्युकर होत नाही

‘कांद्याच्या सालीवर दिसणारी काळी पूड म्हणजेच ब्लॅक फंगस. फ्रिजच्या रबरावरचा काळा थरही तोच. फ्रिजमधल्या अन्नावाटे तो शरीरात जातो.’ मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (थोडक्यात म्युकर) या बुरशीच्या रोगाची, म्हणजेच ‘ब्लॅक फंगस’ किंवा ‘काळ्या बुरशी’ची धास्ती होती, तेव्हा हा मेसेज घरोघरी फिरला. त्यातलं एकही विधान खरं नाही.

कांद्यावरची पूड बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीची असते. ती मातीत असतेच, चाळीत साठवलेल्या कांद्यावर उष्ण-दमट हवेत फोफावते. वरचे पापुद्रे काढून कांदा धुवा आणि वापरा. आत कुजला असेल तर टाकून द्या. म्युकर होतो तो रायझोपससारख्या वेगळ्याच बुरशांमुळे. हा फरक फक्त पुस्तकी नाही. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर चालत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियाही.

मग ‘काळी’ हे नाव कुठून आलं? बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसतात, आत रक्त गोठतं, पुढचा पुरवठा तुटतो. नाकातला, टाळूचा तो भाग मरतो आणि काळा पडतो. काळेपणा आहे तो मेलेल्या मांसाचा.

फ्रिजच्या रबरावर ओलाव्यामुळे वाढणाऱ्या बुरशा निराळ्या. रबर पुसून कोरडं ठेवा, पुरे.

राहिला अन्नाचा मुद्दा. म्युकरचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात. आपण ते रोज श्वासातून घेतो आणि निरोगी शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. कोविडच्या रुग्णांत हा रोग मुख्यतः नाकावाटे शिरला, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही.

खरा धोका वाढलेल्या साखरेत आहे. मधुमेह हाताबाहेर गेला की पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात. रक्त आम्लयुक्त झालं तर त्यातलं लोह मोकळं होतं, आणि ही बुरशी लोहावर पोसते. कोविडमध्ये स्टेरॉइडने साखर आणखी चढली, प्रतिकारशक्ती आणखी खाली आली. मला राग आहे तो याचा: लोकांनी घाबरून कांदे फेकले, पण घरातल्या मधुमेही माणसाची साखर तपासा, असं त्या मेसेजने कुणालाच सांगितलं नाही.

साखर वाढलेल्या माणसाचा चेहरा एका बाजूने दुखू लागला, डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, दात अचानक हलू लागले किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा.