‘प्रोक’ फोल्डर उडवा म्हणणाऱ्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चौघांनी दाखवला. पहिला आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोराने. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथे पाच जुने कॉम्प्युटर आहेत, पाचहींवर उबुंटू, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचाच एक प्रकार, आणि ते मी सांभाळते. पोरगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "ताई, पाहा बरं, आपल्या मशिनीत कोनीतरी घुसून बसलं हाय म्हन्ते." चौथा माणूस शेजारच्या गावचा. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, पीक विम्याचे दिवस, दारात शेतकऱ्यांची रांग, आणि कॉम्प्युटर मंद चालतो म्हणून तो फॉरवर्डमधली आज्ञा टाइप करायला बसलाच होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सच्या कॉम्प्युटरमध्ये ‘प्रोक’ नावाचं फोल्डर लपवलेलं असतं. त्यात आकड्यांच्या नावांची शेकडो फोल्डरं आहेत, ती तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांची. ‘केकोर’ नावाची 128 टेराबाइटची फाइल तुमची डिस्क खाते. सामान्य माणसाला या फोल्डरचा काहीच उपयोग नाही. ते उडवलं की कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल. शेवटी ‘सुडो’ लावून, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार घेऊन, ‘आरएम’ची, म्हणजे खोडायची, आज्ञा दिली आहे.

"फोल्डर डिस्कवर लपवलेलं असतं"

लपवलेलं नाही, आणि डिस्कवर तर मुळीच नाही. फाइल मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या फोल्डरला गेलात की ‘होम’, ‘यूएसआर’ यांच्या ओळीतच ‘प्रोक’ दिसतं. पण त्यातला मजकूर कुठेही साठवलेला नसतो. तुम्ही फाइल उघडता त्या क्षणी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्याजवळची माहिती बघून उत्तर तयार करतो आणि ते फाइलच्या रूपात तुमच्या हाती देतो. विहिरीत पाणी किती हे विहिरीवर लिहिलेलं नसतं. दोर सोडला की त्या वेळचं कळतं, संध्याकाळी सोडला तर संध्याकाळचं. हेही तसंच आहे.

पोराला मी हे करूनच दाखवलं. ‘प्रोक’मधल्या ‘अपटाइम’ फाइलची लांबी विचारली तर मशीन म्हणालं 0. तीच फाइल ‘कॅट’ या मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेने वाचली तर दोन आकडे आले, 7384.21 आणि 13905.66. पहिला आकडा म्हणजे मशीन सुरू होऊन किती सेकंद झाले. दुसरा म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोर मिळून किती सेकंद रिकामे बसले. आमचा प्रोसेसर दोन कोरचा, म्हणून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा. लगेच पुन्हा वाचली तर दोन्ही आकडे पुढे सरकलेले. ज्या फाइलची लांबी शून्य आहे तिच्यातून दर वेळी ताजा मजकूर येतो, यावरूनच ती डिस्कवरची फाइल नाही हे कळतं.

"128 टेराबाइटची फाइल डिस्क खाते"

या दाव्याने सगळ्यात जास्त लोक घाबरले. ते समजण्यासारखं आहे, कारण आकडा खरंच तसा दिसतो. आमच्या मशीनवरही दिसतो. पण आमची डिस्क 500 जीबीची. 128 टेराबाइट म्हणजे तशा अडीचशेहून जास्त डिस्का. एवढी फाइल त्या डिस्कवर मावलीच कशी, हा प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्वतःला विचारला नाही.

‘केकोर’ ही कर्नलच्या मेमरीकडे बघायची खिडकी आहे. कर्नलमध्ये काय बिघडलं हे शोधणारे लोक तिचा उपयोग करतात, आणि ती रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, त्याशिवाय कोणाला वाचताही येत नाही. तिची लांबी म्हणजे जेवढे पत्ते देता येतात तेवढी लांबी. आपल्याकडच्या नेहमीच्या 64 बिटच्या इंटेल आणि एएमडी मशिनींमध्ये मेमरीचा पत्ता साधारणपणे 48 बिटचा असतो. त्यातून 256 टेराबाइट पत्ते बनतात. निम्मे प्रोग्रामसाठी, निम्मे कर्नलसाठी. ते निम्मे म्हणजे हे 128 टेराबाइट. घरांना 1 ते 9999 नंबर देता येतात म्हणून गावात 9999 घरं नसतात. आमच्या मशीनची खरी रॅम 4 जीबी आहे.

खात्री करायची तर ‘डीयू’ आज्ञेने विचारा. ती फाइलची नुसती लांबी न सांगता डिस्कवर किती जागा गेली ते सांगते. ‘केकोर’साठी उत्तर येतं 0.

"आकड्यांची फोल्डरं पाळत ठेवणाऱ्यांची आहेत"

मशीनवर जो प्रोग्राम सुरू होतो त्याला कर्नल एक नंबर देतो, पीआयडी. त्या नंबरचं फोल्डर ‘प्रोक’मध्ये दिसू लागतं आणि प्रोग्राम संपला की नाहीसं होतं. 1 नंबर सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रामचा, उबुंटूवर तो सिस्टिमडी, बाकीची कामं सुरू करून देणारा. मशीन नुसतं सुरू करून ठेवलं तरी दीडदोनशे फोल्डरं असतात, कारण घड्याळ, आवाज, नेटवर्क, छपाई अशा प्रत्येक कामामागे कोणी ना कोणी चालू असतं. त्यातले बरेच तर कर्नलचे स्वतःचेच धागे, म्हणजे आतल्या आत चालणारी त्याची कामं असतात.

संशय येत असेल तर आत जाऊन बघा, तेवढ्यासाठीच ही सोय आहे. ‘कमांडलाइन’ फाइलमध्ये प्रोग्राम कोणत्या आज्ञेने सुरू झाला ते असतं. ‘एक्झे’ हा दुवा तो प्रोग्राम डिस्कवर नेमका कुठे आहे ते दाखवतो. ‘स्टेटस’मध्ये त्याचं नाव, तो कोणी सुरू केला, सध्या चालू आहे की झोपलेला, आणि रॅम किती धरून बसला आहे, हे सगळं साध्या अक्षरांत असतं. ‘एफडी’ फोल्डरमध्ये त्याने उघडलेल्या प्रत्येक फाइलचा दुवा असतो. मशीनमध्ये खरंच कोणी घुसलं असेल, तर त्याचा माग काढायची पहिली जागा हीच आहे.

ही युक्ती आजची नाही. बेल लॅब्जमधल्या टॉम किलियन यांनी चालू प्रोग्राम फाइलसारखे दाखवायची कल्पना 1984 साली मांडली, युनिक्स या लिनक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आठव्या आवृत्तीत ती आली, आणि लिनक्समध्ये ती 1992 पासून आहे. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ आणि ‘टॉप’ या रोजच्या आज्ञा आपली सगळी माहिती इथूनच वाचतात. ‘प्रोक’ जोडलेलं नसेल तर ‘पीएस’ काम सोडून देते आणि ते आधी जोडा असा संदेश देते.

या दाव्यात एक खरी गोष्ट मात्र दडलेली आहे, ती सांगितलीच पाहिजे. साध्या मांडणीत एकाची ‘कमांडलाइन’ दुसऱ्या युजरला वाचता येते. म्हणजे आज्ञा देताना त्याच ओळीत पासवर्ड टाइप केला, तर प्रोग्राम चालू असेपर्यंत त्या मशीनवरचा दुसरा कोणीही तो वाचू शकतो. एकाच मशीनवर दहा जण बसतात अशा सेंटरमध्ये हे लक्षात ठेवायलाच हवं. त्यावर उपाय आहे. ‘प्रोक’ जोडताना ‘हाइडपिड’ हा पर्याय दिला की ज्याला त्याला फक्त आपलेच प्रोग्राम दिसतात. अँड्रॉइडही लिनक्सच्याच कर्नलवर चालतं, आणि तिथे सातव्या आवृत्तीपासून ॲपना असंच बंधन घातलेलं आहे.

"उडवलं की मशीन पळेल"

‘प्रोक’मधली फाइल खोडायला गेलात तर रूट असूनही परवानगी नाही असंच उत्तर येतं. जे डिस्कवर नाही ते खोडून जागा मोकळी कशी होणार? धोका दुसरीकडे आहे. मोबाइलवरून बघून बघून सुडोची आज्ञा टाइप करताना स्लॅशनंतर एक तारका चुकून पडली, तर ‘आरएम’ सगळं मशीन खोडायला घेते. शेतकऱ्यांची कागदपत्रं असलेल्या कॉम्प्युटरवर ही आज्ञा देऊ नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

त्या सेंटरवाल्या भाऊंचं मशीन मंद का होतं, तेही ‘प्रोक’नेच सांगितलं. ‘मेमइन्फो’ वाचलं. ‘मेमअव्हेलेबल’, म्हणजे नव्या कामाला मिळू शकणारी रॅम, 170 एमबीवर आलेली आणि स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, जवळजवळ भरलेला. ब्राउझरचे सव्वीस टॅब उघडे होते. वीस बंद केले. भाऊ म्हणाले, "बस, येवढंच होतं काय?" येवढंच होतं.

"सामान्य माणसाला उपयोग नाही"

हा दावा मला सगळ्यात जास्त लागला. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आजोबांच्या खंजिरी भजनाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला अभ्यासिकेत आली. आजोबा दिवाळीतच गेलेले. व्हिडिओ मोबाइलवरून मशीनवर घेतला, व्हीएलसीत लावून पाहिला आणि मोबाइलमधून काढून टाकला. मग मशीनवर जुन्या फाइली आवरताना शिफ्ट दाबून तोही डिलीट झाला. पेनड्राइव्हवर अजून घेतलाच नव्हता. ती रडायलाच लागली.

व्हीएलसी मात्र अजून उघडं होतं, व्हिडिओ मध्येच थांबवलेला. मी तिला म्हटलं, "बेटा, त्या खिडकीला हात लावू नको." फाइलचं नाव खोडलं तरी कोणी ती उघडून बसलेलं असेल तोवर लिनक्स तिची जागा मोकळी करत नाही. ‘पीएस’ने व्हीएलसीचा नंबर काढला, 4127. ‘प्रोक’मध्ये 4127, त्यात ‘एफडी’. दुव्यांची रांग आली, आणि त्यात एका दुव्यापुढे व्हिडिओचं नाव, नावाच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’. तो दुवा ‘सीपी’ या कॉपी करायच्या आज्ञेने पेनड्राइव्हवर उतरवला. दोन मिनिटं लागली. वीज जायची वेळ होत आली होती, आणि तशी ती गेली असती तर काहीच हाती लागलं नसतं.

पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहिला. खंजिरीचा ठेका सुरू झाला तशी अभ्यासिकेतली बाकीची पोरंही पुस्तकं मिटून मागे येऊन उभी राहिली.