व्हायोलिनांमुळे कंट्री खोटे ठरत नाही

कंट्री या अमेरिकी लोकप्रिय संगीतप्रकाराच्या चाहत्यांमध्ये एक मत वारंवार मांडले जाते. खरा कंट्री अल्बम म्हणजे गायक विली नेल्सन यांचा मोजक्या वाद्यांवरचा, एक सलग कथा सांगणारा १९७५ सालचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’. त्याआधी कंट्री व्यवसायाचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या निर्मात्यांनी व्हायोलिने आणि कोरस घालून या संगीतात पाणी ओतले. आणि सोल गायक रे चार्ल्स यांचा १९६२ सालचा ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ हा कंट्री अल्बम नव्हेच. नेल्सन यांचा हा अल्बम मलाही अतिशय प्रिय आहे, म्हणूनच त्याच्या नावावर इतरांना हिणवलेले मला मान्य नाही.

मोजकी वाद्ये हेच कंट्रीचे मूळ रूप, हे गृहीतकच चुकीचे आहे. सुरुवातीच्या काळातले कंट्री गायक जिमी रॉजर्स यांनी १९३० साली जाझ वादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटच्या साथीने गाणे ध्वनिमुद्रित केले होते, तर कंट्रीतलेच बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदात १९४० पर्यंत ड्रम आणि सॅक्सोफोन रुळलेले होते. गिटार, पियानो, हार्मोनिका अशा मोजक्या वाद्यांवर भागवणे ही नेल्सन यांनी एका कथेसाठी केलेली निवड होती, आणि ती त्या कथेला शोभली.

नॅशव्हिलच्या गुळगुळीतपणाचे उदाहरण म्हणून गायिका पॅट्सी क्लाइन यांचे ‘क्रेझी’ हे गाणे पुढे केले जाते. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी १९६१ साली ते कोरससह ध्वनिमुद्रित केले. मोटार अपघातात बरगड्या दुखावल्यामुळे क्लाइन यांना वरचे स्वर लागेनात, म्हणून साथ आधी आणि आवाज नंतर मुद्रित झाला. हे गाणे लिहिले होते विली नेल्सन यांनीच.

रे चार्ल्स यांच्याबद्दलचा आक्षेप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. त्यांनी हँक विल्यम्स आणि डॉन गिब्सन या कंट्री गीतकार-गायकांची गाणी बिग बँड व तंतुवाद्यांच्या साथीने, स्वतःच्या सोल (कृष्णवर्णीयांच्या भावोत्कट) गायकीत म्हटली; त्या गाण्यांतले दुःख त्यांनी जराही सौम्य केले नाही. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या सर्व प्रकारच्या अल्बमांच्या यादीत हा अल्बम १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि कंट्री कधीही न ऐकणाऱ्या असंख्य घरांत पोहोचला.

नॅशव्हिलच्या साच्याविरुद्ध बंड करणारे नेल्सन यांच्यासारखे ‘आउटलॉ’ गायक व्यवसायाबाहेरचे होते, असेही म्हटले जाते; ते अर्धसत्य आहे. ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ कोलंबिया या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीनेच काढला, मात्र करारानुसार कलात्मक निर्णय नेल्सन यांच्या हाती होते. १९७६ सालचा या गायकांचा ‘वॉन्टेड! द आउटलॉज’ हा अल्बम तर आरसीए या दुसऱ्या बड्या कंपनीने बहुतांशी जुन्या मुद्रणांतून जुळवला होता. पुढे १९७८ साली नेल्सन यांनी स्वतःच ‘स्टारडस्ट’मध्ये जुनी पॉप गाणी गायली, तीही तंतुवाद्यांसह.

नेल्सन आणि चार्ल्स यांच्या या दोन अल्बमांची खरी तुलना करायची तर आधी गाणी पाहावीत. ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मधले सर्वांत गाजलेले ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ फ्रेड रोझ यांनी १९४० च्या दशकात लिहिले. याच रोझ यांनी सहसंस्थापक म्हणून नॅशव्हिलमध्ये ‘अकफ-रोझ’ ही प्रकाशनसंस्था काढली, आणि रे चार्ल्स यांनी गायलेली विल्यम्स व गिब्सन यांची गाणी त्याच संस्थेची होती.