कोमट रश्श्याचा फो

फोचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या व्हिएतनामी सूपचा, रस्सा उकळता असावा, एवढी माफक अपेक्षाही आमच्या कोपऱ्यावरची व्हिएतनामी खानावळ आता पुरी करू शकत नाही, आणि तीही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, जिथे १९७५ साली दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यानंतर निर्वासितांची कुटुंबे येत गेली आणि आज व्हिएतनामी वंशाचे एक लाखाहून अधिक लोक राहतात.

मी नेहमी फो ताय मागवते. त्यात बीफचे कागदासारखे पातळ, कच्चे काप तांदळाच्या शेवयांवर पसरलेले असतात आणि ते शिजवण्याचे काम वरून ओतलेल्या खळखळत्या रश्श्याने करायचे असते. गेल्या शनिवारी माझ्यापुढे आलेल्या वाडग्यातून वाफेची एक रेघही निघत नव्हती. काप गुलाबीचे गुलाबीच राहिले होते आणि वाडग्याच्या कडेला चरबीची पांढरट साय धरू लागली होती. रस्सा गार झाला आहे असे सांगितल्यावर वाढणाऱ्या मुलाने अत्यंत नम्रपणे वाडगा उचलला, आत नेला आणि मायक्रोवेव्हमधून काढून परत आणला! काप करडे आणि चिवट झाले होते, शेवया फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मी आधीच घातलेली थाई तुळस काळी पडून तळाशी बसली होती. ज्या स्वयंपाकघरात रश्श्याचे पातेले दिवसभर मंद आचेवर असायला हवे, तिथे वाडगा गरम करण्यासाठी मायक्रोवेव्ह लागतो, याचा अर्थ काय समजायचा?

बरे, रश्श्याला चव तरी असावी. आले आणि कांदा आचेवर भाजून, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि धणे घालून हाडे तासन्‌तास उकळली की जो दरवळ सुटतो, तो गोड्या मसाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पहिल्याच घोटात ओळखीचा वाटतो. किंबहुना त्या ओळखीपोटीच मी सहा वर्षांपूर्वी या खानावळीची गिऱ्हाईक झाले. हल्ली मात्र साखर आणि अजिनोमोटो यांपलीकडे जिभेला काहीच लागत नाही. सोबतच्या ताटलीचीही तीच कथा. पूर्वी तुळशीची जुडी, करवती कडांची लांब कोथिंबीर, मुगाचे लांब मोड, मिरचीच्या चकत्या आणि लिंबाच्या दोन फोडी असत. आता तपकिरी पडलेले मूठभर मोड आणि लिंबाची एक सुकलेली फोड येते, आणि तुळस जास्त मागितली तर तिचे वेगळे पैसे लावले जातात.

किमती वाढल्या आहेत, भाडे वाढले आहे, माणसे मिळत नाहीत, हे सगळे मला मान्य आहे. पण पातेल्याखालची आच मोठी करायला नवा माणूस नेमावा लागत नाही. शेवटी बिलाच्या यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवण्यात आला, तेव्हा त्यावर वीस टक्के टिप आधीच निवडून ठेवलेली होती.