क्रेडिट नोट रद्द, पैसे परत: कुर्ता आणि इरकलीबद्दलच्या १ ताऱ्याला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचला आणि आज सकाळी शटर उघडण्याआधी परत एकदा वाचला. दुकान माझं आहे, म्हणून उत्तरही मीच लिहितोय.

नंतर इथे येणाऱ्यांना प्रकरण कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या वेबसाइटवरून १,४५० रुपयांचा खणाची पट्टी लावलेला मोरपंखी कुर्ता आणि २,८५० रुपयांची इरकल मागवलीत. पैसे कुरिअरवाल्याच्या हातात रोख दिलेत. कुर्त्याचा रंग फोटोसारखा निघाला नाही, आणि साडी अंगावर धरून बघितल्यावर काठ जड वाटला. तिसऱ्या दिवशी दोन्ही परत पाठवलंत. आम्ही पिकअपचे १२० कापून ४,१८० रुपयांची क्रेडिट नोट, म्हणजे पैशांऐवजी आमच्याच दुकानात खरेदीला वापरायची पावती, तुमच्या हातात टेकवली. तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन घेतलेला कपडा नाही आवडला तर १४ दिवसांत परत करून रोख पैसे घेणं हा कायद्यानं हक्क आहे, लंडनच्या तुमच्या बहिणीला तिथे कुणी कारणसुद्धा विचारत नाही, साडी आधी कुणीतरी नेसलेली होती, आणि पैसे नाही मिळाले तर तुम्ही ग्राहक मंचात जाणार.

निकाल आधी सांगून टाकतो. पूर्ण ४,३०० रुपये परत. क्रेडिट नोट रद्द.

आता कुर्ता. तुमचं पार्सल आलं त्या दिवशी मी पुण्याला होतो, त्यामुळे तो मी आज पहिल्यांदा हातात घेतला. दुकानाच्या दारात उन्हात धरला आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर आमचाच फोटो. मोबाइलवर मोराच्या मानेसारखा निळसर चमकणारा रंग, हातात चक्क बाटलीहिरवा. शेजारच्या चप्पलवाल्याला विचारलं, "हे दोन्ही एकच का रे?" त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. फोटो माझ्या भाच्याने ट्यूबलाइटखाली काढला होता आणि मग मोबाइलवर 'जरा उजळ' केला होता. खाली आम्ही ती ठरलेली ओळ टाकतो, 'स्क्रीननुसार रंगात थोडा फरक पडू शकतो'. थोडा फरक म्हणजे मोरपंखीचं बाटलीहिरवं होणं नव्हे. ही चूक सरळ आमची.

आणि इथे कायदा पूर्ण तुमच्या बाजूने आहे. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिरातून पूर-भूकंपासारखी आपत्ती तेवढी वगळलेली. सदोष मालाचं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत पैसे परत केले नाहीत, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. यात क्रेडिट नोट कुठेच बसत नाही. आमच्या पुतणीने तुम्हाला रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर 'नो रिफंड, ओन्ली क्रेडिट' असं जे पाठवलं, त्यावरून तुम्ही तिला उद्धट म्हटलंय. ती उद्धट नाही ताई. ते वाक्य मी लिहून दिलेलं आहे, ती फक्त चिकटवते. राग माझ्यावर काढा.

साडीचं मात्र वेगळं आहे. साडीत दोष नाही, रंग फोटोसारखाच आहे, इरकलीची ओळख असलेली पदराची टोप-तेनी वीण आहे, तारखेला पोचली. ती तुम्हाला आवडली नाही, एवढंच. आणि 'आवडली नाही' या कारणासाठी ऑनलाइन माल परत करून पैसे घेण्याचा हक्क आपल्याकडच्या कायद्यात नाही. १४ दिवसांचाही नाही, ७ दिवसांचाही नाही. मोठ्या साइटवर जे परत घेतात ते त्यांचं स्वतःचं धोरण असतं. सवय इतकी लागलीय की तो कायदाच वाटतो. मलाही गिऱ्हाईक म्हणून तसंच वाटायचं.

तुमच्या बहिणीचं म्हणणं खोटं नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या नियमांनी ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला माल हातात पडल्यापासून १४ दिवस मिळतात. तेवढ्यात 'नको' कळवायचं, कळवल्यावर आणखी १४ दिवसांत माल पाठवायचा, आणि माल किंवा पाठवल्याची पावती मिळाल्यापासून १४ दिवसांत दुकानदाराने पैसे द्यायचे, अगदी सुरुवातीच्या साध्या डिलिव्हरीच्या खर्चासकट. कारण विचारायचं नाही. पण तिला हेही विचारून बघा, की परत पाठवायचं टपाल कोण भरतं. दुकानाने आपल्यावर घेतलेलं नसेल तर बहुतेक वेळा ते गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातं. मापाने शिवून घेतलेला कपडा यात बसत नाही. आणि तीच बहीण दुकानात जाऊन, हात लावून, घालून बघून कुर्ता घेईल, तर निव्वळ मन बदललं म्हणून परत करायचा हक्क तिथेही कायदा देत नाही. खरं सांगायचं तर त्यांची ही विभागणी मला पटते. आमच्या गादीवर बसून बाई कापड चिमटीत धरते, उलटं करून बघते, दारात नेऊन उजेडात बघते, सासूला विचारते आणि मग घेते. फोटोवरून घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही.

पण आपल्याकडे कायदा नाही म्हणून मी सुटलो, असंही नाही. कारण आमच्या साडीच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, '७ दिवसांत सहज परत'. पैशाऐवजी क्रेडिट नोट मिळेल ही अट अगदी तळाच्या 'अटी व नियम' या पानात, अकराव्या मुद्द्यात. पिकअपचे १२० रुपयेही तिथेच. मी स्वतः काल रात्री शोधायला बसलो तर मला दोन मिनिटं लागली, आणि ते पान मीच लिहिलेलं आहे. परतीची आणि परताव्याची माहिती गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसेल अशी द्यायची, हेही त्याच २०२० च्या नियमांत आहे. 'सहज परत' वाचून कुणीही पैसे परत असंच समजणार. कायद्याने नाही तरी आम्ही छापून शब्द दिला होता, तो पाळतो. १२० रुपयांचं म्हणाल तर दोन्ही वस्तू एकाच पार्सलात आल्या. कुर्ता आमच्या चुकीचा, त्यामुळे पार्सल आमच्या खर्चाने यायला हवं होतं. साडी त्याच्याबरोबर फुकट बसून आली.

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. साडी कुणी नेसलेली नव्हती. तुम्ही लिहिलंय की घडीच्या दोन-दोन रेघा दिसत होत्या. बरोबर दिसल्या. विणकराकडून साडी येते ती त्यांच्या घडीत. आमच्याकडे गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी मामी ती टेबलावर पूर्ण उलगडतात आणि पाच-साडेपाच मीटर हात फिरवत तुटका धागा, गाठ, डाग बघतात. मग आमच्या खोक्याच्या मापाची घडी घालतात. जुनी रेघ राहते, नवी तिच्याशेजारी पडते. नेसलेल्या साडीला कमरेशी आणि निऱ्यांच्या जागी चुण्या पडतात, खांद्यावर पिनेची भोकं दिसतात, खालच्या काठाला धूळ लागते. तुमच्याकडून परत आलेली साडीही मी तशीच बघितली आणि ती कोरी करकरीत आहे, हेही इथे लिहितो, म्हणजे कुणाला शंका नको. पुढे खोक्यात चिठ्ठी टाकू: 'तपासणीसाठी उलगडलेली आहे.' एवढं साधं आधीच सुचायला हवं होतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी: फॉल-पिको करून घेतला, ब्लाउजपीस कापला किंवा कुर्त्याची बाही आत घेतली, तर ती वस्तू आम्ही आवडीनिवडीवरून परत घेत नाही, आणि हे आता खरेदीच्या बटणाच्या वरच लिहिलंय. 'अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकली जाणार नाही' ही ओळ काढून टाकली. सगळे लिहितात म्हणून आम्हीही लिहिली होती. कायद्यात असली अट नाही. व्हिडिओ असला तर आमचं काम सोपं होतं, नसला तर बोलून ठरवू.

ग्राहक मंचाबद्दल. २०१९ च्या कायद्यापासून त्याचं नाव ग्राहक आयोग झालं. तुम्हाला त्यासाठी आमच्या कोल्हापूरला यायची गरज नव्हती. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन लावता येतो. मी दुकानदार असून हे सांगतोय म्हणून बायको हसतेय, पण तुम्ही तक्रार केली असती तर कुर्त्याच्या बाबतीत मी हरलो असतो. साडीच्या बाबतीत त्या 'सहज परत'ने मला घाम फोडला असता. शिवाय तुमच्या ईमेलची पोच ४८ तासांत द्यायला हवी, आम्ही चौथ्या दिवशी दिली.

आता पैशांचं. तुम्ही रोख दिले होते, त्यामुळे ते आपोआप कार्डावर उलटे जाणार नाहीत. तुमचा यूपीआय आयडी लागेल. तो इथे लिहू नका, ज्या व्हॉट्सअॅप नंबरवर तुमचं बोलणं झालं तिथेच पाठवा. हा अभिप्राय वाचून कुणी तुम्हाला दुकानाच्या नावाने फोन करेल, लिंक पाठवेल, ओटीपी मागेल, तर ते आम्ही नव्हे. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. आयडी संध्याकाळी सातच्या आत आला तर आजच ४,३०० पाठवतो, नंतर आला तर उद्या सकाळी दुकान उघडल्या उघडल्या.

कुर्त्याचा फोटो पानावरून उतरवलाय. भाचा उद्या दुपारी दारात उन्हात नवा काढणार आहे, आणि त्याखाली रंगाचं नाव 'बाटलीहिरवा' असंच राहील.